जँगो प्रकल्पातील सेटिंग्ज कुठे ठेवाव्यात?

जँगो या पायथनमधील वेब-फ्रेमवर्कमध्ये (वेबसाइट बनवण्याच्या तयार चौकटीत) नवा प्रकल्प सुरू केला की सेटिंग्जची एक तयार फाइल मिळते. तिच्यात डीबग, म्हणजे त्रुटींचा सविस्तर तपशील पानावर दाखवणारी सोय, चालू असते आणि गुप्त किल्लीही उघड लिहिलेली असते. हीच फाइल जशीच्या तशी गिटमधून (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातून) सर्व्हरवर नेणे मला अजिबात मान्य नाही, कारण लॉगिन टिकवणाऱ्या सेशनपासून पासवर्ड बदलण्याच्या लिंकपर्यंत अनेक गोष्टींची सुरक्षितता त्या किल्लीवर अवलंबून असते, आणि नंतर पुसली तरी जुन्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधील आधीच्या नोंदीत, ती शिल्लक राहतेच. अशी किल्ली बदलावीच लागते, जँगो ४.१ पासून जुनी किल्ली काही काळ पर्यायी म्हणून ठेवता येते, ही फार मोठी सोय आहे.

किल्ली आणि डेटाबेसचा पासवर्ड एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडबाहेर सर्व्हरवर ठेवलेल्या मूल्यांतून, घ्यावेत. मात्र तिथून येणारे प्रत्येक मूल्य स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असते. डीबगसाठी ‘फॉल्स’ असा मजकूर दिला आणि त्यावर पायथनचे ‘बूल’ (मूल्य खरे की खोटे ते सांगणारे फंक्शन) चालवले, तर रिकामी नसलेली कोणतीही स्ट्रिंग ‘ट्रू’ ठरत असल्यामुळे डीबग चालूच राहते आणि त्रुटीच्या पानावर आपल्या कोडच्या ओळी परक्या माणसाला दिसतात. त्यामुळे मजकूर नेमका ‘ट्रू’ असेल तरच डीबग चालू होईल, अशी थेट तुलना लिहावी. गुप्त किल्लीला तर पर्यायी मूल्य देऊच नये; ती सापडली नाही, तर ॲप सुरू होतानाच थांबलेले बरे.