आधी पलंग, मग जहाज

मुलीसाठी जहाजाचा बेड घरीच बनवला आणि त्यावरून एक गोष्ट अगदी ठामपणे सांगेन, थीम बेड करताना डोक्यात दोन वेगळ्या वस्तू ठेवायच्या. एक म्हणजे पलंग आणि दुसरं त्याच्यावर बसवलेलं जहाज. पलंग वर्षानुवर्षं टिकला पाहिजे, जहाजाचं वेड मात्र कधी उतरेल ते कुणाच्याच हातात नाही, आज जहाज, उद्या डायनासोर, आणि थोडी मोठी झाली की यातलं काहीच नको, साधा बेड दे म्हणेल. म्हणून जहाजाच्या बाजू मी पलंगाच्या चौकटीला ग्लूने चिकटवल्याच नाहीत, नुसते बोल्ट आणि आतून वायसर-नट, पाना घेऊन बसलं की सगळं जहाज उतरतं आणि खाली सरळ सिंगल बेड उरतो.

सुरुवात गादीपासून करायची. गादी आधी घरात आणा, टेपने मोजा (लेबलवरचा साईज आणि खरा साईज नेहमी जुळतोच असं नाही) आणि मगच चौकटीचं माप काढा, चादर खोचायला बोटभर जागा सोडा पण त्याहून जास्त नको, नाहीतर झोपेत हात-पाय फटीत जातात. खाली सलग प्लाय टाकू नका, आडव्या पट्ट्या लावा, दोन पट्ट्यांमध्ये 6-7 सेंमी फट. लहान मुलांचं अंथरूण ओलं होणारच, घाम असतोच, गादीला खालून हवा लागली नाही की बुरशी धरते. आणि मधोमध लांबीच्या दिशेने एक पट्टी आणि तिला स्वतःचा पाय द्या, कारण या बेडवर उड्या पडणार हे धरूनच चालायचं.

बाजूंना मी 18 मिमी प्लाय वापरला. एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) रंग छान बसतो हे खरं, पण त्याच्या कडेत मारलेला स्क्रू दोन-तीनदा काढला-घातला की ढिला होतो आणि मला तर सगळं उघडता येणारंच हवं होतं.

आकार कागदावर ठरवू नका. जुन्या खोक्यांचे पुठ्ठे जोडून पूर्ण साईजचं जहाज खोलीत उभं करा आणि तसंच राहू द्या, दार पूर्ण उघडतं का, कपाटाचा ड्रॉवर बाहेर येतो का, रात्री अंधारात उठून मुलापर्यंत जाताना ते टोक मांडीला लागतं का हे सगळं तेव्हाच कळतं. जहाजाचं टोक चांगलं अर्धा मीटर जागा खातं, तिथे मी आत खेळण्यांचा खण केला त्यामुळे ती जागा कामी आली. भिंतीकडच्या बाजूला अजिबात कष्ट घेऊ नका, ती कुणाला दिसत नाही.

आता गोल खिडक्या. जहाज म्हटलं की मुलांना त्याच आधी हव्या असतात आणि सगळ्यात जास्त विचार तिथेच करावा लागतो. काही भोकं अशी असतात की त्यातून मुलाचं अंग सरकतं पण डोकं अडकतं, आणि तो धोका फार गंभीर आहे. अमेरिकेत बंक बेडसाठी (एकावर एक असे दोन पलंग) 2000 पासून जे नियम लागू आहेत त्यात याचीच मापं आहेत, साधारण 9 सेंमीपेक्षा लहान फट चालते किंवा मग 23 सेंमीपेक्षा मोठी, मधलं काही नको. आपला बेड बंक नसला तरी हे माप मी डोळे झाकून पाळलं. बाजूच्या खिडक्या आरपार कापल्याच नाहीत, पातळ प्लायच्या गोल रिंगा कापून लावल्या आणि आत निळा रंग दिला, लांबून कुणी ओळखणार नाही. उशाकडच्या उंच फळीत एकच खरी खिडकी आहे, चांगली 28 सेंमीची, तिच्यातून मुलगी डोकं काढून आम्हाला हाका मारते.

शिडाला दोऱ्या लावायचा मोह खूप होतो. लावू नका. गळ्याभोवती फिरेल अशी लांब दोरी झोपायच्या जागी नकोच, फळीवर दोऱ्यांचं नुसतं चित्र रंगवलं तरी चालतं. तसंच उंच डेकवर झोपायची हौस 6 वर्षांखालच्या मुलांना नको, आमचं जहाज त्यामुळे बुटकंच आहे आणि तिचं काही अडलेलं नाही.

स्टिअरिंगचं चाक मात्र खरं हवं, फिरणारं. एकच जाड बोल्ट, दोन्हीकडे मोठे वायसर आणि मागे नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला). साधा नट लावला तर चाक फिरवून फिरवून तो सुटत जातो, नायलॉक जिथे आवळाल तिथेच राहतो. इतपत आवळा की चाक सोडलं तिथे थांबेल पण लहान हाताला जोर लागणार नाही.

कडांना वेळ द्या. प्लायची कापलेली कड म्हणजे फासा आणि कुसळं, तिला लिपिंग (कडेला चिकटवायची लाकडाची पातळ पट्टी) किंवा पुट्टी, मग 80, 120, 180 नंबरचा असा पॉलिशपेपर, आणि शेवटी डोळे मिटून हात फिरवायचा. जिथे बोट थबकेल तिथे परत घासायचं. रंग वॉटर-बेस्ड आणि शिसं नसलेला घ्या, माळ्यावरचा जुना डबा नको, मुलं कडा चावतात. हाताला सुकलेला रंग पूर्ण पक्का व्हायला दोन-तीन आठवडे जातात, तोवर खिडकी उघडी ठेवा आणि गादी टाकायची घाई करू नका.

आणि बेड वापरात आल्यावर महिन्याभराने सगळे बोल्ट एकदा आवळून घ्या, लाकूड थोडं बसतं, करकर येते ती बहुतेक वेळा तिथूनच.