चिरा, चुना आणि कौल : आमची वाटचाल

दापोली, मंडणगड, खेड आणि गुहागर या चार तालुक्यांत आम्ही जुन्या कौलारू घरांची दुरुस्ती करतो. सुरुवात नव्या चिरेबंदी घरांपासून झाली. पण गावात नवं घर बांधणाऱ्याला आता स्लॅब हवा असतो आणि स्लॅब टाकणारे ठेकेदार पुष्कळ आहेत. जुनं घर उभं ठेवायला मात्र माणूस मिळत नाही. कौलं परतणारे, म्हणजे उतरवून साफ करून पुन्हा बसवणारे गडी थकले, चुना मळायच्या घाण्या बंद पडल्या, घरमालक मुंबई-ठाण्याला राहिले. आमचा धंदा हळूहळू त्या बाजूला सरकला आणि तिथेच स्थिरावला.

गिऱ्हाईक बहुतेक चाकरमानी. घर वर्षातले दहा महिने बंद, मे महिन्यात उघडतं आणि गणपतीत भरतं. नुसता हिशेब मांडला तर अशा घरावर पैसा घालणं परवडत नाही. तरी लोक घालतात, कारण गणपती त्या घरात बसतो आणि चुलत भावंडांनी एकत्र जेवायची दुसरी जागा उरलेली नसते. त्यामुळे आमच्या कामाची शेवटची तारीख कोणाला विचारावी लागत नाही, ती पंचांगात छापलेली असते.

कामाआधी आम्ही ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा मागतो. त्यावर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची लेखी संमती आल्याशिवाय कौलाला हात लावत नाही. हे कोरडं वाटेल, पण अर्धं छप्पर उघडं असताना सुरतेहून एखाद्या हिस्सेदाराची हरकत आली आणि वर ढग जमले, तर नुकसान सगळ्यांचंच होतं. घराची वाटणी खणांनी, म्हणजे दोन तुळयांमधल्या भागांनी, झालेली असते. थोरल्याचे दोन खण, मधल्याचे दोन, धाकट्याकडे पडवी आणि न्हाणीघर. आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, मात्र एकच असतं. म्हणून अंदाजपत्रक आम्ही दोन भागांत देतो. वासे (छपराची उतरती लाकडं), रिपा (त्यांवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांवर कौलं टेकतात) आणि कौलं यांचा खर्च खणाप्रमाणे, ज्याचा त्याचा. आढं, भिंतीवरच्या पाट्या (वाशांखालची आडवी लाकडं) आणि देवघर यांचा खर्च समान. देवघराच्या खर्चावरून वाद झालेला आम्ही सहसा पाहत नाही. वाद होतात ते पडवीवरून.

सर्वात किचकट काम असतं ते एका भावाने आपल्या खणांवर स्लॅब टाकलेल्या घराचं. कौलाचं लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. स्लॅब वेगळ्याच तऱ्हेने हलतो. दोघांच्या मध्ये सिमेंट भरलं की पहिल्याच वर्षी चीर पडते. तिथे पुन्हा सिमेंट, मग डांबर, मग रसायन, असे थरावर थर चढलेले आम्हाला सापडतात. ते सगळं खरवडून काढावं लागतं. स्लॅबच्या भिंतीला कौलाच्या वर सहा ते आठ इंचांवर आडवी खाच मारायची, फट झाकणाऱ्या पत्र्याची कड त्या खाचेत एक इंच आत घालून चुन्याने बंद करायची, आणि पत्र्याची दुसरी बाजू कौलावर किमान सहा इंच मोकळी सोडायची. कौलाला ती खिळायची नाही. दोन्ही बाजूंना हलायला जागा राहिली की गळती थांबते.

छपराची पाहणी आतून सुरू होते. दुपारी उन्हाच्या वेळी दारं-खिडक्या लावून माळ्यावर उभं राहिलं की फुटकं कौल उजेडाने दिसतं. ओलीचा डाग मात्र फसवतो. पाणी फटीतून रिपेवर पडतं, तिथून वाशावर येतं आणि वाशाच्या खालच्या कडेने चार-पाच फूट उतरून मग ठिबकतं. म्हणून डागापासून आढ्याच्या दिशेने शोधत जायचं. निम्म्या वेळा कौल फुटलेलंच नसतं. दोन कौलं एकमेकांत बसतात त्या खाचेत पालापाचोळा आणि शेवाळ साचतं, पाणी तिथे तुंबतं आणि कडेवरून आत येतं. अशा ठिकाणी नवं कौल लागत नाही. तारेचा ब्रश आणि एक दिवसाची मजुरी पुरते.

उताराचं माप आमच्याकडे ठरलेलं आहे : बारा इंच पुढे जाताना सात इंच चढ, म्हणजे साधारण ३० अंश. कोकणच्या झडीला याहून कमी उतार चालत नाही. वाऱ्याच्या जोराने पाणी सांध्यातून उलटं वर चढतं. वाढवलेली पडवी हमखास गळते ती याचमुळे. मूळ वासे तसेच पुढे वाढवले तर पडवीत डोकं आपटेल, म्हणून पुढचा भाग कमी उताराने घेतलेला असतो. तिथे कितीही चांगलं कौल घाला, गळणारच. एक तर पडवीची जमीन एक पायरी खाली घ्यायची, नाहीतर कौलाखाली सपाट पत्रा अंथरायचा आणि त्यावर उभ्या पट्ट्या ठोकून मग रिपा मारायच्या, म्हणजे आत आलेलं पाणी पत्र्यावरून वळचणीला निघून जातं.

एका ब्रासला, म्हणजे १०० चौरस फुटांना, साधारण १५० मंगळुरी कौलं लागतात. फुटतूट धरून आम्ही १६० मागवतो. एक कौल अडीच ते तीन किलोचं, तेव्हा ब्रासभर छपराचं वजन चारशे किलोच्या आसपास जातं आणि भर पावसात भिजून आणखी वाढतं. हे ओझं दोन इंच बाय एक इंचाच्या रिपा झेलतात. रीप कुजली की आधी कौलांची ओळ झोल खाते, मग सांधे उघडतात.

रिपांतलं अंतर टेपने ठरवणारा मिस्त्री आम्ही ठेवत नाही. कारखान्यागणिक कौल काही मिलिमीटरने वेगळं असतं. येणाऱ्या लॉटमधली बारा कौलं जमिनीवर एकमेकांत अडकवून उलटी मांडायची, ताणून माप घ्यायचं, दाबून माप घ्यायचं आणि दोन्हींची सरासरी धरायची. एका कौलाला बहुधा साडेबारा ते तेरा इंच येतात. अंदाजाने तेरा धरले आणि कौल साडेबाराचं निघालं, तर दहाव्या ओळीला पाच इंचांचा फरक पडलेला असतो. याच कारणाने जुनी आणि नवी कौलं एका पाख्यावर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, मिसळत नाही. जुनी चांगली कौलं निवडून मागच्या पाख्यावर, नवी पुढच्यावर.

जुनं कौल टाकाऊ समजू नका. मंगळूरला बाझेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, मागून तिथे इतरही कारखाने निघाले, आणि या किनाऱ्यावर नळ्याच्या कौलांची जागा मंगळुरी कौलाने घेतली. त्या काळचे छाप असलेली कौलं अजून छपरांवर आहेत आणि काम देतात. बोटाच्या पेराने वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं तर ठेवायचं, बद्द वाजलं तर आत चीर आहे. शंका असेल तर कोरडं वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवायचं. वजन एक-पंचमांशाहून जास्त वाढलं तर ते कौल पाणी पितं, घरावर चढवायचं नाही.

माकडांवर आमच्याकडे खात्रीचा उपाय नाही. आंब्याच्या फांद्या छपरापासून दहा-बारा फूट मागे छाटल्या तर उड्या कमी होतात, एवढंच.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि मंडणगड-दापोलीची छपरं उडाली. कुठली उडाली ते आम्ही घरोघर बघत गेलो. वारा छपराला वरून दाबत नाही, ओढून उचलतो, आणि ही ओढ वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींपाशी सर्वात जास्त असते. मधली कौलं स्वतःच्या वजनाने बरीचशी टिकली होती. म्हणून आता कडेच्या दोन-दोन ओळी आम्ही तारेने बांधतो. मंगळुरी कौलाच्या पाठीला त्यासाठी भोक असतंच, पण वर्षानुवर्षं ते कोणी वापरत नव्हतं. तार जस्ताची किंवा तांब्याची. साधी बांधणीची तार खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत तुटते. वासा भिंतीवरच्या पाटीला लोखंडी पट्टीने धरायचा आणि पाटी भिंतीत निदान दोन फूट खाली उतरलेल्या १२ मिलिमीटरच्या गजाने. हे शेवटचं राहिलं तर पट्ट्यांसकट अख्खं छप्पर उचललं जातं.

वादळानंतर पुष्कळांनी पत्रे घातले. आम्हीही घालून देतो, पण दोन गोष्टी आधीच सांगतो. एप्रिलमध्ये पत्र्याखाली दुपारी बसवत नाही, आणि आपला पाऊस सुरू झाला की समोरासमोर बोलणं ऐकू येत नाही.

भिंतींचा विषय जांभ्यापासून सुरू होतो. आपल्याकडचा चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला ठोकळा, साधारण १४ इंच लांब, ९ रुंद, ७ उंच. खाणीगणिक अर्धा इंच इकडे-तिकडे. नऊ इंची भिंतीला ब्रासमागे १३० ते १३५ चिरे बसतात. खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, हवेत राहून घट्ट होतो, म्हणून घेतल्याबरोबर लावू नये. एक हंगाम रचून ठेवला तर बरं. पोकळ्यांत पांढरी-पिवळी माती भरलेली असेल तर तो चिरा पावसाच्या बाजूला नको. माती धुऊन जाते आणि चिऱ्याची नुसती जाळी उरते.

जांभा पाणी शोषतो आणि सोडतो. जुन्या बांधणीत दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, मातीच्या किंवा चुन्याच्या असत, त्यातून ही ओल बाहेर पडे. त्यावर सिमेंटचं प्लास्टर चढवलं की ओल आत कोंडते, मातीचा दर्ज लगद्यासारखा होतो आणि तीन-चार वर्षांत प्लास्टरचे पोपडे सुटतात. दुसरा घोटाळा जमिनीचा. शेणाने सारवलेली जमीन ओल बाहेर सोडत असते. तिच्यावर चकचकीत फरशी बसवली की तीच ओल भिंतीकडे वळते आणि जोत्यापासून दोन-तीन फूट वर चढते. लोक म्हणतात, फरशी घातली आणि भिंत बिघडली, बरोबरच म्हणतात. फरशी हवीच असेल तर खाली निदान चार इंच जाडीचा खडीचा थर घ्या आणि भिंतीलगत अर्ध्या फुटाची पट्टी कोब्याची ठेवा, चुन्यातली.

दर्जा भरताना जुना दर्ज पाऊण ते एक इंच खोल उकरतो, पाण्याने धुतो आणि ओलसर असतानाच भरतो. चुना कळीचा, म्हणजे भाजलेल्या पण न विरवलेल्या खड्यांचा. कळी पाण्यात टाकायची, कळीवर पाणी ओतायचं नाही. उसळून अंगावर येतं, डोळ्याला चष्मा हवाच. विरवलेला चुना किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवून मग गाळून घ्यायचा. न विरलेला खडा राहिला तर तो भिंतीत फुगतो आणि महिन्याभराने तिथे फोड येऊन निघतो. आतल्या भिंतीला एक भाग चुना, तीन भाग रेती. पावसाच्या बाजूला एक चुना, दोन रेती, एक सुरखी, म्हणजे विटेची पूड. सुरखी जळून काळ्या पडलेल्या विटेची चालत नाही. रेती खाडीची असेल तर गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर भिंतीवर मिठाची पांढरी बुरशी उठते. काम झाल्यावर आठवडाभर गोणपाट ओलं ठेवायचं. चुना बाहेरून आत, सावकाश घट्ट होतो, त्यामुळे चुन्याचं काम दिवाळीनंतर सुरू करून मार्चच्या आत संपवतो. मे महिन्यात भरलेला दर्ज जूनच्या पावसात वाहून जातो.

२२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरानंतर भिजलेल्या भिंतींची विचारणा फार झाली. तेव्हापासून आमचा नियम आहे : पाणी जिथवर चढलं त्याच्या एक फूट वरपर्यंत प्लास्टर काढायचं, मातीचे दर्ज सुटलेत तिथे टेकू द्यायचा आणि भिंत उघडी ठेवायची. मोठे हॅलोजन लावून झटपट सुकवू नका; वरचा थर वाळतो, आतली ओल तशीच राहते. एक उन्हाळा गेल्याशिवाय नवं प्लास्टर नाही.

लाकूड बघायला दाभण पुरते. भिंतीत शिरलेली तुळईची आणि वाशाची टोकं टोचून बघायची. अर्ध्या इंचाहून जास्त सहज आत गेली तर टोक कुजलेलं आहे. अख्खी तुळई बदलायची गरज क्वचित पडते. कुजका भाग कापून, तुळईच्या उंचीच्या तिप्पट लांबीचा तिरपा सांधा घेऊन नवं टोक १२ मिलिमीटरच्या बोल्टांनी जोडतो, आणि भिंतीत बसवताना टोकाभोवती हवेसाठी बोटभर जागा सोडतो. चारी बाजूंनी सिमेंटने गच्च केलेलं टोक पुन्हा कुजतं. लाकूड जमेल तर त्याच घराच्या माळ्यावरचं जुनं वापरतो. ऐन, किंजळ, साग तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि तिला लागणारा वेळ कामाच्या वेळापत्रकात धरावा लागतो.

पूर्वी चुलीच्या धुराने माजघराचं आढं काळं कुळकुळीत असे आणि त्याला कीड लागत नसे. बंद घरात चूल पेटत नाही. म्हणून आम्ही सालाना देखभालीचं काम घेऊ लागलो आणि आता बरंचसं उत्पन्न त्यातलंच आहे. पंधरवड्याला दारं-खिडक्या उघडून घर वाऱ्यावर सोडायचं, स्वयंपाकघरात थोडा धूर करायचा, भिंतीवर वाळवीची मातीची नळी दिसली की त्याच दिवशी फोटो पाठवायचा, मे महिन्यात कौलं परतायची, पावसाळ्यात दोनदा माळ्यावर जाऊन बघायचं. पन्हळी साफ करणं त्यातच येतं. विहीर, बाग आणि कुंपणाची कामं येत नाहीत.

अंदाजपत्रकात दहा ते पंधरा टक्के रक्कम आम्ही वेगळी दाखवतो, कारण रिपा आणि वाशांची खरी स्थिती कौलं उतरल्यावरच कळते. ती लागली नाही तर परत जाते.

चौकशी दसऱ्याच्या आधी करा. नमुना ८ चा उतारा, चारी बाजूंनी घराचे फोटो आणि माळ्यावरून काढलेला एक फोटो पाठवा. मे महिन्यात फोन आला तर त्या वर्षापुरती ताडपत्री बांधून देतो. छप्पर दिवाळीनंतर उघडू.