पाय मार!

मायक्रोवेव्हची शेवटची ती टुं-टुं मला सहन होत नाही. म्हणून दुपारचा चहा गरम करायला चाळीस सेकंद लावायचे आणि तीन उरले की दार उघडायचं, ही माझी जुनी खोड. घरातले हसतात. हसोत. परवा असंच दार उघडलं आणि मनात आलं, झाले की सदतीस! एवढ्यात पेटकर पोहून पलीकडे पोचलेसुद्धा.

मुरलीकांत पेटकर. आमच्या सांगलीकडचे, पेठ इस्लामपूरचे. नेमकं सांगायचं तर ३७.३३ सेकंद. ऑगस्ट १९७२, जर्मनीतलं हायडेलबर्ग, पन्नास मीटर फ्रीस्टाइल. विश्वविक्रम आणि पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. (ऑलिम्पिकमधल्या वैयक्तिक सुवर्णासाठी आपल्याला २००८ उजाडावं लागलं.) मुळात हा माणूस लष्करातला, ईएमईचा (म्हणजे यंत्रं-उपकरणं दुरुस्त करणाऱ्या दलाचा) बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कंबरेखालचं अंग लुळं पडलं. बॉक्सिंग संपलं, तर १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळून आले. हायडेलबर्गला पोहण्याखेरीज भालाफेकीतही उतरले, चाकाच्या खुर्चीच्या अडथळा शर्यतीतही. पद्मश्री मिळाली २०१८ साली. असो, आपल्याकडे वेळेची गणितं वेगळीच असतात.

पण माझं घोडं अडतं ते पोहण्यापाशीच.

आम्ही पोहायला शिकलो विहिरीत. पाठीला रिकामा डबा करकचून बांधलेला, दोरीने बगला सोलवटलेल्या. काका मागून बेसावध गाठून ढकलायचे. नाकातोंडात पाणी, शेवाळाचा वास, कपारीतून फडफडत उडालेली पारवी आणि वरून घुमणारा काकांचा एकच मंत्र, "पाय मार! अरे मेल्या, पाय मार!" हातांचं कुणी नावच काढलं नाही. हात कुत्र्यासारखे चालवा नाहीतर बेडकासारखे, पाय थांबले की बुडालात.

मग रविवारी आमच्या इथल्या तलावावर गेलो आणि, कुणाला न सांगता, पाय सोडून दिले. नुसत्या हातांवर. कंबर अशी खाली जायला लागली, की कुणी खालून ओढतंय. मनात आकडे मोजत होतो. अकराला काठाचा गज धरला. अंतर सांगत नाही.

वरून तिथला पोरगेला जीवरक्षक ओरडला, "काका, पाय मारा की!"