दोन आखाज्या

आमच्या गावाला (तालुका अमळनेर) माझ्याबद्दल एकच माहिती आहे: पोरगा जहाजावर असतो, जग फिरतो. फिरतो हे खरं, दिसत मात्र काही नाही. माझी केबिन पाण्याच्या पातळीखाली. खिडकी नाही, एकावर एक दोन बंक, आणि एकाला कपडे बदलायचे असले की दुसऱ्यानं बंकवर पाय ओढून बसायचं. बेकरीची रात्रपाळी आहे. चोवीस तासांत दहा तास विश्रांती मिळालीच पाहिजे असा आंतरराष्ट्रीय नियम आहे आणि तो पाळतातही, पण आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नाही. सात महिन्यांचा करार म्हणजे सात महिने रोज पाव.

एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियाकडचा सीझन संपला की जहाज अलास्काच्या सीझनसाठी पॅसिफिक ओलांडून उत्तर अमेरिकेकडं निघतं. ऑकलंड ते ताहिती सुमारे बावीसशे सागरी मैल, मध्ये नुसतं पाणी. अशा सफरीला बहुतेक प्रवासी निवृत्त मंडळी. त्यांना कुठं पोचायची घाई नसते आणि ती पहाटे पाचलाच गरम क्रोसाँ मागतात. लाटा लांब येतात. जहाज उडत नाही, पाळण्यासारखं कलतं. ट्रेखाली ओलं फडकं घातलं नाही तर ट्रे टेबलावरून चालायला लागतो.

2023 साली आम्ही 21 एप्रिलला, शुक्रवारी संध्याकाळी, ऑकलंड सोडलं. शनिवारी 22 ला आखाजी. बाकी महाराष्ट्राला अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं आणि आमरस. खानदेशात तो दिवाळीइतका मोठा सण: सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात आणि पितरांची घागर भरतात. घागरीवर डांगर ठेवायचं, सांजोऱ्या ठेवायच्या. (डांगर म्हणजे आमच्याकडं खरबूज. हे सांगितलं नाही तर पुण्याचे मित्र लाल भोपळा समजतात.) मग चुलीतल्या निखाऱ्यावर तूप आणि पुरणपोळीचा घास, म्हणजे आगारी. वडील गेल्यापासून घागर धाकटा भाऊ भरतो. तो घरी असतो ना.

त्या साली रमजान ईदही 22 लाच आली. माझा केबिनवाला इंडोनेशियातल्या सुराबायाचा, ईदला ते लेबारान म्हणतात. सकाळी माझी पाळी सुटली तेव्हा क्रू मेसच्या एका कोपऱ्यात इंडोनेशियन पोरं नमाजाला उभी होती. मी पीठ लागलेल्या हातानं सगळ्यांना मुबारक केलं आणि जाऊन झोपलो. माझी आखाजी अशी झोपेत गेली. संध्याकाळी साडेसातला उठून फोन लावला. न्यूझीलंडची वेळ आपल्यापुढं साडेसहा तास, घरी दुपारचा एक. घागर भरून झाली होती, आगारी झाली होती, मागं कुरडया तळल्याचा आवाज येत होता. वायफायचं पॅकेज माय बोलायला लागली की नेमकं संपतं.

रात्री बाराला गंमत झाली. आमच्याकडं फ्रिजमध्ये जाणाऱ्या प्रत्येक ट्रेवर तारखेचं लेबल लागतं. तपासणी करणारे सगळ्यात आधी तेच बघतात. मी 23 लिहायला मार्कर उघडला तर शेफ म्हणाला, थांब, आज परत 22. दुपारीच आम्ही 180 रेखांश ओलांडला होता. तिथून पूर्वेकडं जाताना एक तारीख दोनदा येते. ती कुठल्या रात्री फिरवायची ते कॅप्टन ठरवतो. घड्याळ तेच राहिलं, कॅलेंडर मागं आलं. साडेसहा तास घरच्यापुढं होतो, बाराच्या ठोक्याला साडेसतरा तास मागं पडलो. कालचा 22 आणि आजचा 22 वेगळा कळावा म्हणून लेबलवर ‘22 बी’ लिहायचं ठरलं. त्या रात्री मी दीडेकशे वेळा ‘22 बी’ लिहिलं आणि लिहिता लिहिता लक्षात आलं, की मला अजून एक आखाजी आहे.

सकाळी स्टोअरवाल्याकडून एक डांगर मागून घेतलं. एका बाजूनं दबलेलं होतं, प्रवाशांच्या ताटात गेलंच नसतं. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, गॅस नाही, सगळं विजेवर. केबिनमध्ये उदबत्ती लावली तरी धुराचा सेन्सर थेट ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथं) बोंब मारतो. म्हणून आगारी नाही. घागरीच्या जागी स्टीलचा जग. त्यात नळाचं पाणी, म्हणजे समुद्राचंच, जहाजावर मीठ काढून गोड केलेलं. जगाच्या तोंडावर डांगर ठेवलं तर ते जहाजाबरोबर कलून एकसारखं घरंगळायला लागलं. शेवटी केबिनवाल्यानं बंकवरून उतरून बोटानं धरलं. मी वडिलांचं नाव घेतलं. काय चाललंय ते त्यानं विचारलं नाही. डांगर कधी सोडायचं तेवढं विचारलं.

समुद्रात काही टाकलं की नोकरी गेली, त्यामुळं पाणी आम्हीच प्यालो आणि डांगर कापून खाल्लं.

संध्याकाळी घरी 23 तारखेची दुपार. मायला सांगितलं, आज माझी दुसरी आखाजी. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “मंग पित्तर दोन डाव येतीन का रे भाऊ?”

म्हटलं, माहीत नाही माय, मी तर भरली.

“डांगर गोड निंघनं का?”

काकडीसारखं होतं. म्हटलं, गोड होतं.