वादकांची छबी, प्रकाशाचे प्रयोग – नोंद ४: धूर आणि अर्धा चेहरा

या खेपेला दोन जुन्या युक्त्या उलगडून पाहिल्या. एकटा वादक गूढ कशाने वाटतो, आणि चौघे जण ‘एकच बँड’ कशाने वाटतात.

आधी धूर. छायाचित्रकार हर्मन लिओनार्ड यांनी १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘रॉयल रूस्ट’ या जॅझ क्लबात टिपलेला सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन आठवा: मांडीवर सॅक्सोफोन, हातात सिगारेट, वर चढत जाणारा धूर. जॅझवाला म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते हे असं चित्र, आणि त्यातली निम्मी कमाई मागच्या लाइटची आहे. धुराचे कण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेला फेकतात. लाइट मागून कॅमेऱ्याकडे आला तरच धूर चमकतो. समोरून मारला तर तोच धूर मळकट करडा दिसतो.

मांडणी: ८५ मिमी लेन्स, एफ/५.६, आयएसओ २००, शटर १/१६०. मागचा फ्लॅश वादकापासून दीड मीटरवर, खांद्याच्या वर, १/८ पॉवरला. समोरचा २ मीटरवर, एका बाजूने, १/३२ ला. पडदा काळा आणि किमान ३ मीटर मागे. फिकट भिंतीपुढे धूर दिसतच नाही.

बिघडतं ते बहुतेक वेळेला धुराच्या हावेपायी. फॉग मशीनची एक फुंकर पुरते. खोली भरली की धुकं होतं आणि काळा रंग करडा पडतो, मग दार उघडून थांबण्यावाचून इलाज नाही. मागचा फ्लॅश लेन्सला थेट दिसला तर फ्लेअर, म्हणजे चित्रभर पसरणारी चमक, येतो. फ्लॅश वादकाच्या डोक्याआड लपवावा, नाहीतर फ्लॅशच्या कॅमेऱ्याकडच्या कडेला काळा पुठ्ठा लावावा. पितळी वाद्यावर हायलाइट जळत असेल, म्हणजे चकाकी नुसती पांढरी येत असेल, तर लाइट हलवत बसू नका, वाद्यच जरासं फिरवा.

आता अर्धा चेहरा. बीटल्स बँडच्या ‘विथ द बीटल्स’ या अल्बमचं १९६३ चं कव्हर छायाचित्रकार रॉबर्ट फ्रीमन यांनी हॉटेलात, खिडकीच्या उजेडात काढलं: प्रत्येकाचा अर्धा चेहरा सावलीत. काळे पोलोनेक (उंच गळ्याचे स्वेटर), मागे गडद पडदा. चौकोनी कव्हरवर चौघे एका ओळीत बसेनात, म्हणून ड्रमर रिंगो खाली कोपऱ्यात गेला. हसरी पोरं एकदम गंभीर झाली ती एवढ्यानेच.

इथे खरी मेख अंतरात आहे. कॅमेरा पहिल्या माणसापासून १ मीटरवर आणि दुसरा त्याच्या अर्धा मीटर मागे असेल, तर पुढचा चेहरा दीडपट मोठा येतो आणि बघणारा त्यालाच म्होरक्या समजतो. मागे सरकून ४ मीटरवर गेलं की हाच फरक साडेबारा टक्के उरतो. लांब लेन्स लागते ती मागे सरकल्यावर फ्रेम भरायला. चेहरे सारखे करण्याचं काम अंतर करतं.

खिडकीसमोरची भिंत पांढरी असेल तर सावली भरून निघते आणि नाट्य संपतं. तिथे काळं कापड टांगल्यावर सावलीची बाजू ३ स्टॉप खाली गेली (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). उजेड मोजायचा लाइट मीटर उजळ गालावर धरायचा. सावलीतला डोळा पार बुडाला तर हनुवटी खिडकीकडे किंचित वळवायची, गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण येईपर्यंत.

पुढच्या खेपेला रंगमंचावरचा लाल एलईडी. तोवर एवढं करा: कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) आरजीबीवर, म्हणजे लाल, हिरवा, निळा असे वेगळे दाखवणारा, ठेवा. एकत्रित हिस्टोग्राम ठीक दिसत असतानाच लाल चॅनल जळालेला असतो आणि गायकाचा चेहरा सपाट लाल ठिगळ होऊन बसतो.