आमची वाटचाल : आरसे, पिंप आणि पंधरा हजार गॉगल

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं वर्कशॉप आहे. पोरांकडून दुर्बिणीचे आरसे घासून घेतो, दुर्बिणी करतो, दुसरीकडून घेतलेल्याही दुरुस्त करतो. पुतण्या म्हणतो, सगळ्या फर्मची 'आमची वाटचाल' असते, आपलीही पाहिजे. त्यानं चार ओळी लिहूनही आणल्या होत्या, 'ग्राहकांचा विश्वास हीच आमची पुंजी' वगैरे. त्या खोडल्या. बरीच वर्षं आमची पुंजी म्हणजे माळ्यावरची चार पोती ग्रहणाचे गॉगल होती. त्याबद्दल पुढं सांगतोच.

सुरुवात १९९१ ची. त्याआधी मी ऑइल इंजिनच्या वॉल्व्हचं लॅपिंग करायचो. ज्यानं वॉल्व्ह सीट घासलीय त्याला काय सांगायचं, पावडर, तेल आणि मनगट, बाकी सगळं कानानं. माझा भागीदार चष्म्याच्या काचा घासायचा. नाव लिहीत नाही. गावात ज्यांना कळायचं त्यांना कळेल. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू बघायला आम्ही पहाटे पन्हाळ्यावर गेलो होतो. उसन्या बायनॉक्युलरमधून कापसाच्या बोळ्याएवढा डाग दिसला. उतरताना भागीदार म्हणाला, "काच मी घासतो, लोखंड तू घासतोस, मग आरसा का नाही जमणार?" जमायला पाच वर्षं लागली.

काम म्हणाल तर सोपं आहे. जाड काचेच्या, सहा इंच व्यासाच्या दोन चकत्या. एक पिंपाच्या डोक्यावर तीन ठोकळ्यांत घट्ट बसवायची, तिच्यावर ८० नंबरची कार्बोरंडम पावडर आणि पाणी, वर दुसरी चकती. वरची पुढं-मागं ढकलायची, थोडी फिरवायची आणि आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. बास. वरची खोलगट होत जाते, तोच आरसा; खालची फुगीर. आम्ही कुठलाही साचा देत नाही; गोलाई आपोआप येते, कारण सगळ्या दिशांनी घासून एकमेकांना चिकटून राहणारे पृष्ठभाग गोलाचेच असतात. चार फूट फोकससाठी मधोमध खोली किती लागते? सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. पालक येऊन बघतात आणि म्हणतात, एवढ्यासाठी चार रविवार? हो, एवढ्यासाठीच. आणि ते फक्त ८० नंबरचं. पुढं १२०, २२०, ४००, ६००, ८००; नंबर वाढेल तसा दाणा बारीक.

पोराला आधी ऐकायला शिकवतो. ताजी ८० नंबर करकरते, दात शिवशिवतात. दोन-तीन मिनिटांत आवाज बसतो, म्हणजे दाणा फुटला. आता नुसता चिखल घासतोय, पुसा आणि नवी टाका. उचगावची एक मुलगी होती, सातवीत. ती डोळे मिटून घासायची आणि शेजारच्या पिंपावरच्या मुलाला सांगायची, "तुझी पावडर मेली." आमच्याकडच्या कुठल्याही फिटरपेक्षा तिचा कान चांगला.

नंबर बदलताना धुणं. यावर माझी पोरांशी भांडणं होतात, आणि होणारच. ८० चा एक दाणा नखात, बाहीच्या शिवणीत राहिला आणि पॉलिशला पडला की आरशावर ओरखडा उठतो आणि गडी परत २२० ला. एकाच्या खिशातल्या रुमालातून दाणा आला होता. पोरगं रडलं. मी काही समजूत घातली नाही, रुमाल धुवायला लावला. दुसरा अपघात म्हणजे चकत्या चिकटणं. ६०० नंबरला पाणी कमी पडलं की दोन्ही काचा अशा बसतात की मारुती आला तरी सुटायच्या नाहीत. हातोडी घ्यायची नाही! रात्रभर पाण्यात ठेवायच्या आणि सकाळी कडेवर लाकडी ठोकळ्यानं हलकं टिचकवायचं.

पॉलिशला राळेचा थर आणि सेरियम ऑक्साइड. राळ उन्हाळ्यात मऊ, थंडीत कडक. तिच्यात किती तेल टाकायचं हे मी अजून अंगठ्याच्या नखानंच ठरवतो. मग चाचणी. अंधारात बारीक फटीतून आरशावर उजेड टाकायचा, तो परत येतो तिथं दाढीचं ब्लेड सरकवायचं आणि आरशावरच्या सावल्या बघायच्या. प्रत्येक पोराला मी एक गंमत दाखवतो. आरशावर बोट ठेव, दहा आकडे मोज, काढ. आता ब्लेडमागून बघ. बोट होतं तिथं टेंगूळ! बोटाच्या उबेनं काच फुगलेली असते. केसाच्या जाडीचा हजारावा भाग चुकला तर इथं दिसतो. टेंगूळ हळूहळू बसताना बघणाऱ्या पोराचं तोंड मी तीस वर्षं बघतोय. त्यासाठी कुणी बिल देत नाही.

आता गॉगल.

आमच्या धंद्याचं दुखणं असं की आकाशातली मोठी कार्यं नेमकी पावसाळ्यात निघतात. जुलै १९९४ मध्ये धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, सगळं जग बघत होतं, कोल्हापूर छत्री घेऊन उभं. पण २४ ऑक्टोबर १९९५ चं सूर्यग्रहण पावसाळा संपल्यावर, दिवाळीच्या दिवसांत आलं. आम्ही काळ्या फिल्मचे तीन हजार पुठ्ठ्याचे गॉगल केले, ते दोन दिवसांत संपले. माझ्या लहानपणी, १९८० च्या ग्रहणाला, आजीनं दारं-खिडक्या लावून आम्हाला आत कोंडलं होतं. मी बघितलं ते कौलांच्या फटींतून शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडलेल्या ग्रासलेल्या सूर्याच्या कोरी, शंभरएक तरी असतील. पंधरा वर्षांनी लोक पोरांना खांद्यावर घेऊन रांगेत उभे होते. छाती फुगली, आणि तिथंच चुकलं.

११ ऑगस्ट १९९९. खग्रास पट्टा गुजरातेतून, आपल्याकडं खंडग्रास, संध्याकाळी. भागीदार म्हणाला, वीस हजार करू. मी म्हटलं, "ऑगस्ट आहे रं." तो म्हणाला, "पाचला उघडतंय रोज." मी दहा म्हटलं, तो वीस, पंधरावर ठरलं. नगाला साडेचार रुपये खर्च. पतसंस्थेतून साठ हजार उचलले, माझा लेथ तारण. गावातल्या एका मोठ्या शाळेनं दोन हजारांचा शब्द दिला होता. शब्दाची पावती नसते. आदल्या दिवसापासून पाऊस धरला तो सुटलाच नाही. त्या दिवशी शाळा लवकर सुटल्या आणि शब्दही सुटला. गेले फक्त बावीसशे.

उरलेले पुढच्या ग्रहणाला विकले असते ना, असं कुणीही म्हणेल. प्रत्येक गॉगलच्या कपाळावर लाल अक्षरात छापलं होतं : '११ ऑगस्ट १९९९'. भागीदार ही गोष्ट आजही चारचौघांत सांगतो, म्हणून मीच लिहून टाकतो. तारीख छापायची कल्पना माझी. पोरं आठवण म्हणून जपतील असं वाटलं होतं.

पण वीस हजारांचा हट्ट त्याचाच होता, तेही लिहिलं पाहिजे.

वाटणी झाली. पॉलिशचा स्पिंडल आणि शाळांची वही त्यानं नेली. ब्लेडचा टेस्टर, पिंपं आणि कर्ज माझ्याकडं. गॉगल निम्मे-निम्मे, सहा हजार चारशे त्याचे, तेवढेच माझे. वर्षभरात त्यानं दोन चौक पलीकडं दुकान टाकलं. काचेच्या शोकेसमध्ये परदेशी रंगीत खोकी, वर लिहिलेलं '५२५ पट'. लोक माझ्याकडं येऊन विचारायचे, तुमची किती पट? साठ मिलिमीटरच्या भिंगातून सव्वाशेच्या पुढं नुसतं पिठलं दिसतं, हे मी सांगत बसायचो आणि ते तिकडं जाऊन खोकं घ्यायचे. महिन्यानं तेच खोकं डगमगत्या स्टँडसकट माझ्याकडं दुरुस्तीला. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नसायचं.

त्या दोन वर्षांत मी दिवसा वर्कशॉप उघडं ठेवायचो आणि रात्री परत वॉल्व्ह घासायचो. हप्ते थकले. पतसंस्थेची माणसं लेथचा नंबर लिहून गेली.

वाचवलं ते गगनबावड्याकडच्या एका सरांनी. झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. १९९३ साली त्यांनी आमच्याकडून सहा इंची दुर्बीण नेली होती, पगारातून हप्त्यानं. तिथला पाऊस म्हणजे विचारू नका. चार महिने दुर्बीण पेटीत, आणि आरशाच्या काचेवरच्या चकचकीत मुलाम्याला दमटपणाचे डाग. म्हणून दर दिवाळीला सर आरसा जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीनं यायचे. धुवायची रीत त्यांना पाठ होती, तरी माझ्यासमोरच धुवायचे. परातीत डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एक थेंब, कापूस नुसता स्वतःच्या वजनानं फिरवायचा, पुसायचं नाही, उभा करून निथळू द्यायचा. निथळेपर्यंत चहा. त्या वर्षी चहा पिताना त्यांनी लेथकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "मिस्त्री, मे महिन्यात जागा आहे का?"

मे २००१. सर अकरा पोरं घेऊन उतरले, वळकट्यांसकट. प्रत्येकानं सव्वाचार इंची आरसा करायचा. फी नाण्यांची, चुरगळलेल्या नोटांची, आणि दोघांची करवंदाच्या पाट्यांत. अकरा पिंपं कुठून आणायची? सात मिळाली, चौघांना मोटरच्या टायरवर फळी टाकून दिली. पोरं वर्कशॉपमध्येच झोपायची. पहाटे पाचला घासायला सुरुवात. शेजारच्या फौंड्रीवाल्यानं तक्रार केली, मग दुसऱ्या दिवशी स्वतःच्या मुलाला पाठवलं, ती बारावी चकती. चोवीस दिवसांत बारा आरसे, त्यातले अकरा चांगले. (बारावा फौंड्रीवाल्याचा. त्याला घाई फार.) त्या पैशांत दोन हप्ते गेले आणि लेथ राहिला. सर आता रिटायर आहेत. आरसा धुवायला अजून येतात.

८ जून २००४, शुक्राचं अधिक्रमण. सूर्यबिंबावरून शुक्राचा ठिपका सरकताना जिवंत माणसांपैकी कुणी बघितला नव्हता. त्याआधीचं १८८२ साली. मी सहा इंचीच्या तोंडावर पुठ्ठा लावला, त्याला दोन इंची भोक, नाहीतर आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, तापून तडकतो. बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीवर टोपण, नाहीतर कुणीतरी डोळा लावणारच. पांढऱ्या कागदावर वितभर सूर्य पाडला, त्यावर मसुरीएवढा काळा शुक्र. ढग येत-जात होते, तरी दुपारभर रांग होती.

रांगेत एक पोरगं आलं, डोळ्याला गॉगल लावूनच. ओळखीचा पुठ्ठा. कपाळावर निळं स्टिकर : 'शुक्र विशेष'. मी नखानं स्टिकर खरवडलं. खाली माझी लाल अक्षरं, '११ ऑगस्ट'. गॉगल आभाळाकडं धरून बघितला तर पाच वर्षांच्या फिल्मला टाचणीच्या टोकाएवढी सात-आठ भोकं. कुठून घेतला विचारलं नाही. पंधरा रुपयांना घेतला म्हणाला. तिथंच फाडला, पोराला पंधरा रुपये दिले आणि कागदावरचा शुक्र दाखवला. त्याच रात्री माझ्याकडची चार पोती माळ्यावरून काढली आणि दुसऱ्या दिवशी फौंड्रीच्या भट्टीत घातली. त्यावर मी कधी भागीदाराकडं गेलो नाही आणि तो कधी माझ्याकडं आला नाही.

२००५ ते २०१९ धंदा चालला. लोखंडी स्टँड सोडून दुर्बिणीला प्लायवूडचा डबा आणि तो अलगद फिरावा म्हणून सनमायकावर टेफ्लॉन असं सुरू केलं, वजन निम्म्यावर आलं. माझी मात्र बिडाच्या स्टँडवर अजून श्रद्धा आहे.

पालकांना दोन गोष्टी सांगतो, विचारलं नसलं तरी. पहिल्यांदा दुर्बीण घेऊच नका. दहा बाय पन्नासची, म्हणजे दहा पट आणि पन्नास मिलिमीटर भिंगांची, बायनॉक्युलर घ्या आणि गच्चीत आडवं पडायला एक चटई. पोरगं तीन महिने रोज वर गेलं तर मग या. दुसरं, पिंपापाशी तुमचं काम नाही. "दे, मी करतो" म्हणून आरसा हातात घेणारे वडील मी बाहेरच्या बाकावर बसवतो. काहीजण विचारतात, सर्टिफिकेट मिळतं का, दहावीला मार्क धरतात का. आम्ही आरसा देतो. आणि दर ऑगस्टला मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार असा मेसेज फिरतो, तो वाचून फोन करू नका. २००३ साली तो हजारो वर्षांत सर्वांत जवळ आला होता तेव्हाही पंचाहत्तर पट मोठा केल्यावर तेवढा दिसला. मेसेज पाठवणाऱ्यांनी मधले शब्द गाळले.

२६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणाला तीनशेच गॉगल केले, कोरे. आदल्या संध्याकाळीच संपले.

परवा भागीदाराच्या मुलाचा फोन होता. आता दुकान तो बघतो. "काका, २ ऑगस्ट २०२७ ला संध्याकाळी ग्रहण आहे. आपल्याकडं थोडंच दिसेल, पण मिळून गॉगल करायचे का?" मी म्हटलं, बाबांना विचारलंस का? म्हणाला, बाबाच म्हणाले काकांना विचार. मागं पिंपावर कुणाचीतरी पावडर मेली होती, म्हणून मी फोन ठेवला.