जेनेटिक काउन्सेलर होताना: दोन वर्षं, एक लॉगबुक आणि दोन चिंचोके

रबाळे एमआयडीसीत एका लॅबमध्ये मी तीन वर्षं डीएनए काढायचं काम करत होते. सकाळी ठाण्याहून ट्रान्स हार्बर, रबाळेला उतरून शेअर रिक्षा, आणि मग संध्याकाळपर्यंत रक्ताच्या जांभळ्या टोपणाच्या ट्यूबा. ट्यूबवर नाव, वय, बारकोड, एवढीच माणसाची ओळख. तर त्या तीन वर्षांत एका बाईचं नाव माझ्या हाताखालून तीनदा गेलं. आधी तिचं आणि नवऱ्याचं रक्त आलं, थॅलेसेमियाचं (आईबाबांकडून मुलात येणारा रक्ताचा आजार) म्युटेशन, म्हणजे जीनमधला बिघाड, शोधायला. मग काही महिन्यांनी सीव्हीएसचा नमुना आला, म्हणजे गरोदरपणात साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा बारीकसा तुकडा काढून तपासतात तो. मग वर्षभराने परत सीव्हीएस. तो दुसरा नमुना हातात आला तेव्हा मला कळलं की पहिल्या वेळी काय झालं असणार, ते बाळ राहिलं नसणार, आणि त्या दिवशी घरी येताना पूर्ण वेळ डोक्यात एकच की हिला हे कोणी सांगितलं असेल, कुठे बसवून सांगितलं असेल, हिच्या भाषेत सांगितलं असेल का, की नुसता रिपोर्ट मेल केला असेल.

मी या कोर्सकडे अशी आले. बीएस्सी लाइफ सायन्स होतंच, दोन वर्षांचा एमएस्सी जेनेटिक काउन्सेलिंग, भारतात हा कोर्स असलेली कॉलेजं अजून मोजकीच आहेत त्यामुळे पहिलं वर्ष दुसऱ्या राज्यात होस्टेलवर काढलं. अमेरिकेत हा पेशा जुना आहे, शेल्डन रीड यांनी १९४७ साली 'जेनेटिक काउन्सेलिंग' हा शब्द वापरला आणि १९६९ मध्ये सारा लॉरेन्स कॉलेजमध्ये पहिला कोर्स सुरू झाला. आपल्याकडे मात्र घरी अजूनही विचारतात की म्हणजे तू डॉक्टर का, आणि मी सांगते, नाही, डॉक्टर निदान करतात, मी त्या निदानाचा अर्थ त्या घराला समजेपर्यंत त्यांच्याबरोबर बसते.

पहिलं वर्ष अभ्यासाचं. सायटोजेनेटिक्स, एम्ब्रिऑलॉजी, कायदे, काउन्सेलिंगचं मानसशास्त्र आणि स्टॅटिस्टिक्स. स्टॅटिस्टिक्सला घाबरू नका पण टाळूही नका. एक उदाहरण सांगते. भावाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे आईबाबा दोघांकडून बिघडलेला जीन आलाय, आणि बहीण ठणठणीत आहे, तर ती वाहक (एकच बिघडलेला जीन, स्वतःला त्रास नाही) असण्याची शक्यता किती? बहुतेक जण पन्नास टक्के म्हणतात, मीपण म्हटलेलं. पण ती आजारी नाही हे आपल्याला आधीच माहितीये ना, मग चारातली ती एक शक्यता बाद झाली, उरलेल्या तिनात दोन वाहक, म्हणजे दोन तृतीयांश. हे कळलं त्या रात्री मी वही मिटून बराच वेळ बसून होते कारण असं चुकीचं पन्नास टक्के ऐकून लग्नं ठरत असतील.

रोल प्ले (कोणीतरी पेशंट होतं आणि आपण काउन्सेलर) सगळे इंग्लिशमध्ये व्हायचे आणि त्यात मला चांगले मार्क पडायचे. दुसऱ्या वर्षाची पोस्टिंग्ज मी मागून ठाणे आणि नवी मुंबईत घेतली, म्हटलं आपली माणसं, आपली भाषा, सोपं जाईल. पहिल्याच आठवड्यात इथल्या सुपरवायझर मॅडमनी माझा मराठीत रोल प्ले घेतला आणि रेकॉर्ड केला. दोन मिनिटांत त्यांनी मोबाइल थांबवला. मी पोटातल्या बाळाबद्दल बोलताना सहज "तो" म्हणून गेले होते. इंग्लिशमध्ये बेबी म्हणून निभावतं, मराठीत क्रियापदसुद्धा चुगली करतं. पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा, गर्भलिंग सांगणं गुन्हा, शब्दाने, खुणेने, कशानेच नाही. मॅडम म्हणाल्या, तुला रिपोर्टमध्ये लिंग दिसत नसेल, तुला माहीतही नसेल, पण समोरची बाई त्या एका "तो"वर नऊ महिने काढेल. त्या दिवसापासून मी फक्त "बाळ" आणि "ते". बाळ वाढतंय, बाळाला तपासलं, ते आईबाबांसारखंच आहे. घरी भाचरांबद्दल बोलतानाही तसंच यायला लागलं इतकी सवय केली.

पेडिग्री, म्हणजे घराच्या आजारांची वंशावळ, काढणं हे दुसरं. चौकोन पुरुष, गोल बाई, आजारी असेल तर काळं भरायचं, ज्याच्यामुळे घर आपल्याकडे आलंय त्याला बाण, नात्यात लग्न असेल तर दुहेरी रेघ, किमान तीन पिढ्या. चिन्हं तासाभरात येतात, प्रश्न विचारायला वर्ष लागतं. "नात्यात लग्न झालंय का?" विचारलं की सगळे "नाही" म्हणतात, कारण मामाची मुलगी केली तर ते लोकांना नात्यातलं वाटतच नाही, ती तर हक्काचीच. मग मी विचारायला लागले, "लग्नाआधी सासूबाईंना काय हाक मारायचात?" आणि बायका लगेच म्हणतात, "आत्या." की मारली दुहेरी रेघ. सख्ख्या आते-मामे भावंडांचे एक अष्टमांश जीन सारखे असतात, पण हे सांगताना घाबरवायचं नाही हेही शिकले, कुठल्याही जोडप्यात बाळाला जन्मजात दोष असण्याची दोन-तीन टक्के शक्यता असतेच, अशा लग्नात त्यात साधारण तेवढीच भर पडते, म्हणजे बहुतेक मुलं चांगलीच जन्मतात. तसंच "घरात कोणाचं मूल गेलंय का" यालाही आधी नाहीच येतं, आणि सगळं झाल्यावर दारातून आजी मागे वळून म्हणते, एक होतं गं थोरलीचं, पांढरं पडत गेलं.

प्रीनेटलच्या (गरोदरपणातल्या तपासण्यांच्या) पोस्टिंगमध्ये जे बघितलं त्याचा राग अजून जात नाही. ऐरोलीचं एक जोडपं, एनआयपीटीचा रिपोर्ट शुक्रवारी रात्री व्हॉट्सॲपवर पीडीएफ आला, डाउन सिंड्रोम हाय रिस्क, सोबत एक शब्द नाही. शनिवार-रविवार दोघं जेवले नव्हते. सोमवारी आमच्याकडे आले ते थेट गर्भपाताचंच विचारायला. एनआयपीटी ही स्क्रीनिंग टेस्ट आहे, म्हणजे फक्त शक्यता सांगते, आईच्या रक्तावर होते, त्यात हाय रिस्क आलं तरी खात्री करायला सीव्हीएस किंवा ॲम्नियोसेंटेसिस (बाळाभोवतीचं पाणी काढून तपासणं) करावंच लागतं, हे त्यांना टेस्टच्या आधी सांगायला दहा मिनिटं लागली असती. ॲम्निओचा रिपोर्ट नॉर्मल आला. पण मला तो नॉर्मल रिपोर्ट नाही आठवत, मला त्या बाईने दोन्ही हातांनी घट्ट धरलेला मोबाइल आठवतो.

कॅन्सरच्या पोस्टिंगचं थोडक्यात सांगते. तिथे सगळ्यात अवघड गोष्ट बीआरसीए (स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेले जीन) पॉझिटिव्ह नाही, सगळ्यात अवघड व्हीयूएस, म्हणजे अर्थ न लागलेला बदल. रिपोर्टचे पाच प्रकार असतात, एका टोकाला नक्की आजार करणारा बदल, दुसऱ्या टोकाला निरुपद्रवी, आणि मध्ये हा, ज्याचा अर्थ अजून शास्त्रालाच लागलेला नाही. पंधरा-वीस हजार खर्च करून आलेल्या माणसाला "अजून कळत नाही, यावरून ऑपरेशन ठरवू नका" हे सांगणं, आणि ते सांगताना आपला आवाज डळमळू न देणं, यावर मी सगळ्यात जास्त सराव केला.

आता थॅलेसेमिया, ज्याच्यासाठी मी आले होते. ठाणे जिल्ह्यात याचं काम भरपूर. उल्हासनगरची बरीच सिंधी कुटुंबं यायची, त्यातल्या कितीतरी जणांना सगळं आधीच पाठ असायचं, एचबीएटू (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, वाहकात वाढलेला असतो) किती, मायनर (म्हणजे वाहक) म्हणजे काय. आपल्या मराठी घरांत उलट, "हे सिंध्यांमध्ये असतं ना, आमच्यात कसं येईल?" सिंध्यांमध्ये प्रमाण जास्त आहे हे खरं पण म्हणून आपल्यात नाही असं कुठेय. आईबाबा दोघंही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर होण्याची शक्यता पंचवीस टक्के. हे "पंचवीस टक्के" मी किती वेळा सांगितलं असेल, आणि किती वेळा समोरून आलं असेल की म्हणजे चार पोरांत एक, आमचं एक झालं, आता पुढची तीन चांगली. मी मान हलवून नाही म्हणायचे, परत समजवायचे, चौकोनांचं चित्र काढायचे, ते हो हो म्हणायचे आणि जाताना परत तेच.

एका रविवारी आजीकडे शहापूरला गेले होते, तिच्या डब्यात फोडलेले चिंचोके होते, पट खेळताना फाशांसारखे टाकतात ते, एक अंग तपकिरी, एक पांढरं. तिथेच बसल्या बसल्या डोक्यात आलं. दोन घेऊन आले. एक आईचा, एक बाबांचा. तपकिरी पडला तर चांगला जीन बाळाकडे गेला, पांढरा पडला तर बिघडलेला. दोन्ही तपकिरी, बाळ पूर्ण चांगलं. एक तपकिरी एक पांढरा, बाळ मायनर, आईबाबांसारखंच, काही त्रास नाही. दोन्ही पांढरे, मेजर. मॅडमना दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या उद्याच्या केसला घेऊन ये.

उद्याची केस म्हणजे दिव्याहून आलेलं कुटुंब (ओळख पटू नये म्हणून गाव आणि बारीकसारीक तपशील बदललेत). चार वर्षांची मुलगी मेजर, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, लोह कमी करायच्या गोळ्या रोज. आई परत गरोदर, नववा आठवडा. बरोबर सासू, मुरबाडकडची. सासू बसल्या बसल्या म्हणाली, "हे हिच्या म्हायेरचं, आमच्यात कोनाला नाय." सून खाली बघत होती. मी दोघांचे जुने रिपोर्ट काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एचबीएटू, सुनेचं ५.२, नवऱ्याचं ५.६, आणि म्हटलं मावशी, साडेतीनच्या वर गेलं की मायनर, दोघांकडून एकेक आलं तेव्हाच मेजर होतं, एका घराकडून होऊच शकत नाही. तिने दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून बघितलं. काही बोलली नाही.

मग चिंचोके काढले. तिने एक उचलून अंगठ्याने चाचपला आणि म्हणाली, "हा जाड ऱ्हायलाय बाय, एकाच अंगावं पडल." आणि उठून खिडकीच्या दगडी कट्ट्यावर तो घासायला लागली, चांगला दोन मिनिटं, भुगा फुंकला, परत चाचपला, आणि स्वतःच टाकले. पांढरा, पांढरा. म्हणाली, ही आमची थोरली. परत टाकले. परत पांढरा, पांढरा.

खोलीत कोणी बोलेना. मग सून पहिल्यांदा बोलली, "म्हणजे परत पण होऊ शकतं." मी म्हटलं हो, आणि नाही पण होऊ शकतं, चिंचोक्याला मागचं आठवत नाही. मग सीव्हीएस समजावलं, काय धोका, किती दिवसांत रिपोर्ट, मेजर आलं तर कायद्याने काय करता येतं आणि कधीपर्यंत, काहीच करायचं नसेल तर तेही चालतं. नवऱ्याने विचारलं, "ताई, तुम्ही आमच्या जागी असता तर?" या प्रश्नाचं इंग्लिश उत्तर, की निर्णय तुमचाच, आम्हाला शिकवलेलं आहे, पण मराठीत ते म्हटलं की हात झटकल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, दादा, पोरीला दर तीन आठवड्यांनी कडेवर घेऊन रक्ताला तुम्ही नेता, मी नेत नाही, म्हणून मी नाही सांगू शकत. पण तुम्ही जे ठरवाल ते ठरवताना आणि ठरल्यावर मी इथेच आहे, माझा नंबर घ्या. मॅडमनी नंतर लॉगबुकवर (केसेस लिहायच्या वहीवर) सही करताना तेवढ्या वाक्याखाली रेघ मारली.

लॉगबुक, थिसिस, फायनल व्हायवा हे सगळं त्यानंतर झालं, त्यात विशेष सांगण्यासारखं नाही, फक्त केस झाली की त्याच दिवशी लिहा, आठवड्याने लिहिलेली केस सगळी एकसारखी होते. पुढे बोर्ड ऑफ जेनेटिक काउन्सेलिंग, इंडियाच्या सर्टिफिकेशनची तयारी करतेय. नोकऱ्या बऱ्याचशा जेनेटिक लॅबमध्ये आणि मोठ्या हॉस्पिटलांत आहेत, लॅबची घेणार असाल तर इंटरव्ह्यूमध्ये विचारून घ्या की रिपोर्ट पेशंटला आधी जातो की तुम्हाला.

दिव्याच्या त्या घराने सीव्हीएस केलं. रिपोर्ट आला तेव्हा मी त्यांना बोलावून समोर बसवूनच सांगितलं, बाळ मायनर आहे, तुमच्या दोघांसारखंच. सून रडली, नवरा उठून बाहेर गेला आणि पाणी घेऊन आला. सासू बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "ते दोन चिंचोके देशील का बाय? धाकट्याचं जमवतोय, मुलीकडच्यांना मी कोन्त्या तोंडानं सांगू, हेच टाकून दाखवंन." मी दिले, त्यातला एक तर तिनेच घासलेला होता. तिने ते पदराच्या टोकाला बांधले, गाठ दोनदा आवळली, आणि पंधरा दिवसांनी धाकटा टेस्टला आला, त्या मुलीला आणि तिच्या वडिलांना घेऊन.